शंखजिरं

“उन्हात नको, छबे! किती वेळा सांगायचं? उन्हानं रबर मरतं.”

तात्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण धुतलेली मॅटं उचलून मी कुठल्या बाजूला निघाले, ते त्यांना नुसत्या माझ्या पावलांवरून कळलं. खंडेनवमीची सकाळ होती. पाचगणीत आमच्या घरामागं सिल्व्हर ओकची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत तार बांधलेली असायची. मी निमूट वळले आणि मॅटं तिथं नेऊन टाकली.

“अहो, गाडीची मॅटं आहेत ती, तात्या. दाखवायला न्यायची पोरगी नाही, ऊन लागून काळी पडायला.”

“पोरीपेक्षा जास्त जपल्यात मी त्यांना,” तात्या हसत म्हणाले.

मीही हसले तेव्हा.

आमची टॅक्सी म्हणजे जुनी ॲम्बॅसडर. पाचगणीच्या स्टँडवर तिच्याएवढी म्हातारी गाडी दुसरी नव्हती आणि तिच्याएवढी स्वच्छही नव्हती. घाटावरची लाल माती मोठी चिवट, एकदा रबराच्या खाचेत बसली की जाता जात नाही. तात्यांची पद्धत ठरलेली. चिखल आधी वाळू द्यायचा, मग मॅट दगडावर आपटून माती झाडायची. धुण्याचा साबण पाण्यात विरघळवायचा, सोडा घालायचा नाही. मऊ ब्रशनं खाच न् खाच घासायची. सावलीत वाळवायचं. आणि शेवटी शंखजिरं. पंक्चरवाला ट्यूबला लावतो ती पांढरी मऊ पूड. तात्यांची उमेदीची वर्षं वाईच्या पंक्चरच्या दुकानात गेलेली, तिथून आणलेली ही सवय. पूड मॅटवर चोळायची, मग वरची सगळी ओल्या फडक्यानं पुसून काढायची, म्हणजे पायाला लागत नाही. खाचांत तेवढी बारीक पांढरी रेघ राहायची. असलं मॅट मी दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाहिलं नाही. रॉकेल नाही, तेल नाही, पॉलिश तर नावच काढू नका.

“रबर चकाकलं की समजायचं, त्याला कुणीतरी काहीतरी फासलंय,” तात्या म्हणायचे.

त्या दिवशी मॅटं वाळली तसे ते झाडाखाली मांडी घालून बसले आणि बोटांनी चाचपत शंखजिरं चोळायला लागले. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. गाडी कधीपासून मीच चालवत होते, पण स्टँडवर मला सगळे ‘तात्या सणसांची पोरगी’ म्हणायचे. ड्रायव्हर कुणी म्हणायचं नाही.

“छबे, बस इथं,” ते म्हणाले. “उद्या पूजा झाली की किल्ली तुझ्या हातात देणार. चारचौघांत. स्टँडची सगळी मंडळी बोलावल्यात. आणि दिवाळीच्या आत साताऱ्याला जाऊन कागद तुझ्या नावावर करून टाकू.”

मी हातातला ब्रश बादलीत टाकला आणि शेजारी बसले. “हणमा काय म्हणेल?”

“त्याला काय म्हणायचंय? त्याला फुकट फिरायला गाडी पाहिजे, चालवायला नको. त्याचं बघू पुढं.”

हणमंत माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या शर्टाची बटणं लावण्यापर्यंत सगळं मी केलं. मधे माझं लग्न झालं, नांदायला गेले आणि वर्षाच्या आत परत आले. नवऱ्यानं टाकलं, असं गावानं म्हटलं. मीच त्याला टाकून आले होते, पण गावाला काय, जिभेला हाड नसतं. परत आल्यावर महिनाभर मी भिंतीकडं तोंड करून पडून होते. मग एक दिवस तात्यांनी गाडीची किल्ली माझ्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, “ऊठ. ब्रेक कुठला, क्लच कुठला, दाखवतो.” मी उठले ती अशी उठले. त्यामुळं ती गाडी माझ्या नावावर होणं म्हणजे काय, हे तात्यांना सांगायची गरजच नव्हती.

संध्याकाळी मी पुरण शिजत लावून बाहेर आले, तर हणमा गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. हातात काळ्या पॉलिशची बाटली आणि फडका.

“ताई, हे बघ! साताऱ्यावरनं आणलंय. टायरात तोंड दिसतंय का नाही?”

“दिसतंय की! आरशाचा खर्च वाचला. उद्या टायरात बघूनच भांग पाड.”

“चेष्टा कर तू. उद्या जगूअण्णा येणारेत. त्यांना कळू दे, आपली गाडी कशी असते ती.”

जगूअण्णा जमदाडे म्हणजे स्टँडवरचे कर्ते. त्यांच्या भाचीशी हणमाचं नुकतंच ठरलं होतं, म्हणून ही सगळी धावपळ. मी हसले आणि आत गेले. पुरण खाली लागायला आलं होतं.

दसऱ्याला उजाडता उजाडता पूजा झाली. झेंडूच्या माळा, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. तात्यांनी नारळ फोडला आणि पाणी चारी चाकांवर शिंपडलं. मी स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, आत अक्षता टाकल्या. मग तात्यांनी कनवटीची किल्ली काढून वर धरली.

“मंडळी, आजपासून ही गाडी छबूची,” ते म्हणाले.

“तात्या, विचार केलाय ना?” जगूअण्णांनी विचारलं. हसत विचारलं, पण विचारलंच.

“केलाय. पोरगी माझ्यापेक्षा बरी चालवती.”

मी त्यांच्या पाया पडले, किल्ली घेतली आणि पायरीशी चपला काढल्या. आमच्या घरचा रिवाजच तो. पूजेची गाडी म्हणजे देव, पहिल्या फेरीला चप्पल घालून चढायचं नाही. तात्यांनी सगळ्या जन्मात दसऱ्याची पहिली फेरी अनवाणीच मारली होती. मी आत बसले. पायाखालचं मॅट काळं कुळकुळीत दिसत होतं, त्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता. हणमानं ओला फडका मारलेला दिसतोय, गुणाचं गं ते, असं माझ्या मनात आलं. रबर चकाकलं की समजायचं, हे वाक्य जन्मभर कानांवर आदळलेलं, आणि नेमकं त्या घटकेला आठवलं नाही.

पहिली फेरी शिरीनबाईंची होती. पाचगणीत त्यांचं छोटंसं वसतिगृह होतं. पुण्याला लेकीकडं जायचं म्हणून त्यांना वाईत बसला सोडायचं होतं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्या बसत नसत.

“अरे छबू, आज तू उघडे पाय चालवते?” मागच्या सीटवर बसता बसता त्यांनी विचारलं.

“आज गाडीचा सण आहे बाई.”

“मग गाडीला सांग, सण हळू हळू कर.”

मी हळूच चालवत होते. पसरणीचा घाट मला पाठ होता. धुकं वर सरकत होतं, रस्ता अगदी कोरडा होता. क्लच दाबताना टाच दोनदा जराशी सरकली. झेंडूची पाकळी असेल म्हणून मी पायानंच ती बाजूला केली. पुढच्या वळणावर खालून एसटी आली, अंगावरच आली म्हणा. मी ब्रेकवर पाय मारला. पाय ब्रेकवर बसलाच नाही. साबणाच्या पाण्यावरनं जावा तसा टाचेसकट पुढं गेला आणि शेजारच्या ॲक्सिलरेटरवर आदळला. गाडीनं उडी घेतली. कठडा, काच, शिरीनबाईंची किंकाळी, हे सगळं एकदमच झालं.

कठड्यानं वाचवलं. माझी हनुवटी फाटली, शिरीनबाईंचं मनगट मोडलं. एसटीतल्या माणसांनी आम्हाला वाईच्या दवाखान्यात पोचवलं. नर्सनं हनुवटीला टाके घातले आणि म्हणाली, “पाय बघा तुमचे, कोळशावरनं चालत आल्यासारखे झालेत.” तळवे काळे झाले होते. पाण्यानं ते काळं जाईना, साबणानंही धड जाईना. मला वाटलं, गाडीतलं ग्रीस असेल. माझं लक्ष तिकडं होतंच कुठं? शिरीनबाई बाकावर हात धरून बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी तोंड फिरवलं.

“मी तुझ्यावर भरोसा ठेवला होता, छबू,” एवढंच त्या म्हणाल्या.

तात्या आणि हणमा दुपारी गाडी बाहेर काढायला घाटात गेले आणि ओढून वाईच्या गॅरेजला लावून आले. रात्री घरी तात्या माझ्या खाटेशी बसले. माझ्या हनुवटीच्या पट्टीवरून त्यांनी बोटं फिरवली, फार हळू. गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, “तात्या, मी ब्रेकच दाबला होता हो. पाय सटकला माझा.” ते म्हणाले, “झोप आता.” मला वाटलं, माझ्या जिवाला लागू नये म्हणून बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टँडची मंडळी घरी आली. मी आत चहा टाकत होते, तरी सगळं ऐकू येत होतं. जगूअण्णा म्हणाले, “तात्या, राग मानू नका, पण गिऱ्हाईक बिचकलंय. बाई चालवणार म्हटल्यावर कोण बसणार आता? सगळ्या स्टँडचं नाव जातंय.”

आता तात्या काय बोलतील याकडं माझे कान लागले. त्यांनी मला शिकवलं होतं. माझा हात आणि माझा पाय त्यांना माहीत होता.

“पोरीचा पाय चुकला,” तात्या म्हणाले. “चूक माझी. बाईच्या हातात द्यायला नको होती.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. राग तात्यांचा नव्हता आला, स्वतःचाच आला होता. तात्या म्हणतात म्हणजे चुकलाच असेल माझा पाय. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बाहेर येऊन चार शब्द सुनावले असते.

त्यानंतर एक दिवस मधे गेला आणि मी वाईला गॅरेजवर गेले. गाडीत माझं लायसन होतं आणि आईचा एक छोटा फोटो, तो काढून आणायचा होता. गाडी मागच्या आवारात उभी होती, नाक चेपलेली. दार ओढून उघडलं. आत काचेचा चुरा, सुकलेल्या झेंडूच्या माळा, नारळाचे तुकडे. माझं रक्त सीटवर सांडून तपकिरी पडलं होतं, स्टिअरिंगवर होतं, दारावरही ओघळ होता. मी फोटो घेतला, लायसन घेतलं आणि खाली बघितलं.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट स्वच्छ होतं.

मागची मॅटं, आम्हाला बाहेर काढणाऱ्यांच्या पायांच्या लाल मातीनं भरलेली, शेजारचं काचेनं भरलेलं. हे एवढंच धुतलेलं. त्यावर ना पाकळी, ना अक्षता, ना रक्ताचा थेंब. मी खाली वाकून बोट फिरवलं. रबर कोरडं होतं, करडं होतं, जराही चकाकत नव्हतं. आणि प्रत्येक खाचेत बारीक पांढरी रेघ होती.

शंखजिरं.

ब्रेकचं रबर, क्लचचं रबर, तेही घासून पुसून घेतलेलं. मी पॅडलच्या मागं बोट घातलं. तिथं फडका पोचला नव्हता. बोट काळं होऊन बाहेर आलं. नाकाशी नेलं तर हणमाच्या बाटलीचा वास. माझे काळे तळवे आठवले, टायरात तोंड दिसतंय का विचारणारा हणमा आठवला, आणि दसऱ्याच्या सकाळचं ते कुळकुळीत मॅट. पॉलिश उरलं असणार, आणि त्या गाढवानं आतही फासलं असणार. वेड्या पोराची हौस, ती मला लगेच समजली आणि क्षणभर तिचा रागही आला नाही. पण मॅट कुणी धुतलं, हे मला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. असं मॅट धुणारा माणूस एकच होता. घाटातून गाडी काढताना त्यांचा हात त्या मॅटवर पडला होता आणि त्या हाताला सगळं कळलं होतं. तिथं गॅरेजातच ते धुवून, सावलीत वाळवून, शंखजिरं मारून त्यांनी जागच्या जागी ठेवलं. आणि मग दुसऱ्या दिवशी चारचौघांत म्हणाले, पोरीचा पाय चुकला.

मी ते मॅट गुंडाळून काखेत मारलं आणि वर पाचगणीला आले.

तात्या मागच्या झाडाखाली बसले होते. मी मॅट त्यांच्या मांडीवर टाकलं. त्यांची बोटं लगेच खाचांवरून फिरली, आणि थांबली.

“हे कुणी धुतलं, तात्या?”

त्यांनी गुंडाळलेलं मॅट मांडीवर सरळ केलं.

“शंखजिरं कुणी मारलं?”

“रबर खराब झालं असतं गं,” ते म्हणाले. “पॉलिशचा थर होता त्याच्यावर. बोटभर.”

मला हसू आलं, खरंच आलं. ज्या मॅटानं मला खाईत लोटलं असतं, त्या मॅटाची त्यांना काळजी पडली होती.

“आणि मी? मी खराब झाले तर?”

“छबे, ऐक माझं. हणम्याला कळलं तेव्हा तो माझ्या गळ्यात पडून रडला. पोरगं हौसेनं करून बसलं. जगूला कळलं तर भाची देईल का तो? असल्या बेअकली पोराला कोण देईल? नोकरी न्हाई, धंदा न्हाई. एक लग्न जमलंय, तेवढंच हाय त्याच्या पदरात.”

“आणि माझ्या पदरात काय आहे तात्या?”

“तू खमकी हायस,” ते म्हणाले. “तू नवरा सोडून आलीस, मरून पडली होतीस, तरी उठलीस. तो पडला तर उठायचा न्हाई. तू उठतीस.”

“उठते म्हणून मला पाडलंत?”

त्यांनी मान खाली घातली. त्यांचे हात मॅटवरच होते, मॅटची कड सरळ करत होते. मी गुडघ्यांवर बसले आणि ते हात धरले.

“तात्या, मला गाडी देऊ नका. खरंच नको. हणमाला द्या, त्याचं लग्न होऊ दे. फक्त एकदा स्टँडवर येऊन सांगा, छबूचा पाय चुकला नव्हता. हणमाचं नावही घेऊ नका. पॉलिश कुणी लावलं ठाऊक नाही म्हणा. एवढं सांगा. मला दुसऱ्याची गाडी तरी चालवता येईल.”

त्यांनी हात सोडवून घेतले आणि मॅट गुंडाळलं. मग म्हणाले, “बघू.”

‘बघू’ म्हटलं म्हणजे येतील, असं मी धरून चालले. माणूस आपल्या बापाबद्दल आणखी काय धरून चालणार?

सकाळी मी मॅट घेऊन स्टँडवर गेले. नेहमीच्या बाकावर तात्या माझ्याआधी येऊन बसलेले. शेजारी जगूअण्णा, भोवती चारपाच ड्रायव्हर, आणि बाकाच्या टोकाशी हणमा. तात्यांना बघून मला धीर आला. मी सगळ्यांदेखत सांगितलं. मॅटला पॉलिश होतं, पॅडलला होतं, मी अनवाणी होते, पाय चुकला नाही, घसरला. कुणी लावलं ते मी बोलले नाही. तात्यांना दिलेला शब्द मी पाळला.

जगूअण्णांनी मॅट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. “हे तर कोरडं ठाक हाय.”

“नंतर धुतलंय अण्णा. माझं रक्त सीटवर आहे, दारावर आहे, मग यावर का नाही?”

“रक्त काय, गॅरेजच्या पोरांनी पुसलं असंल. आणि नवमीला तूच धुतलं होतंस की. शंखजिरं तर तात्या कायमच मारत्यात.” ते तात्यांकडं वळले. “तात्या, गाडी काढली तेव्हा तुम्ही होता. तुमचा हात कधी चुकत न्हाई. पॉलिश होतं का ह्याला?”

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“न्हवतं,” ते म्हणाले. “मॅट कोरडं होतं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले.

मी तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. “तात्या, माझ्याकडं तोंड करून म्हणा.”

त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. त्यांना मी दिसत नव्हते, हेच बरं होतं त्यांच्यासाठी.

“कोरडं होतं, छबे.”

मी हणमाकडं बघितलं. “हणमा, तू तरी बोल. मी तुला लहानाचं मोठं केलंय रे.”

त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. “ताई, मी टायरलाच लावलं होतं,” तो म्हणाला. खरं तर त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. जगूअण्णांनी त्याच्याकडं एकदा निरखून पाहिलं. पण त्यांनाही भाचीचं लग्न मोडायचं नसावं. त्यांनी मॅट बाकाखाली ठेवलं आणि चहा सांगितला.

मी त्याच संध्याकाळी वाईला मावशीकडं गेले. शिरीनबाईंना एकदा भेटून खरं काय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुझा फादर असं का नाही बोलला?” त्या पुन्हा कधी माझ्या गाडीत बसल्या नाहीत. वर्ष-दोन वर्षं मी शिवण टिपलं, मग वाईच्या एका शाळेला गाडी चालवायला बाई पाहिजे होती, तिथं लागले. पुढं स्वतःची गाडी घेतली. तात्या म्हणाले होते ते खरं झालं, मी उठले. पण त्यांचं ते म्हणणं खरं करायला मी उठले नाही, एवढं सांगते.

हणमाच्या लग्नाला मी गेले होते, अक्षता टाकल्या आणि जेवून आले. सणावाराला जाणंयेणंही राहिलं. बोलणं मात्र कामापुरतं.

परवाच्या उन्हाळ्यात हणमाचा फोन आला. “ताई, तात्यांच्या छातीत दुखतंय. साताऱ्याला डॉक्टरला दाखवायचंय. माझा सीझन चालू आहे गं, टॅक्सीची पार्टी सोडता येत नाही. तू नेशील का?”

मी गेले. तात्या आता पार आंधळे झालेले, हाडांचा सापळा नुसता. त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. बसल्या बसल्या ते वाकले आणि पायाखालचं मॅट चाचपलं. खाचेतून बोट फिरवलं.

“शंखजिरं,” ते म्हणाले. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “चांगलं ठेवलंयस.”

मग त्यांचा हात तसाच सरकत माझ्या बाजूला आला. माझ्या पायांपाशी त्यांना गार पत्रा लागला. त्यांनी पुन्हा चाचपलं.

“इथं मॅट न्हाई?”

“नाही.”

“का गं?”

“तुम्हाला माहीत आहे तात्या.”

त्यांनी हात मागं घेतला. मी गाडी काढली. बाजारपेठ ओलांडली, उतार लागला. समोर स्टँड दिसायला लागलं तसे ते हळूच म्हणाले, “मी सांगायला पाहिजे होतं, छबे. त्या दिवशी. खरं ते.”

ते ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी स्टँडच्या बाकासमोर थांबली. जगूअण्णा थकले होते, पण अजून रोज तिथं येऊन बसायचे. त्या दिवशीच्यातले आणखी दोघं होते.

“मला काय सांगता? मला ठाऊकच होतं,” मी म्हटलं. “स्टँड आलंय. जगूअण्णा बाकावर बसलेत. मी दार उघडते. उतरूही नका, बसल्या जागेवरनं सांगा. माझं आता काही अडलेलं नाही, तात्या. हणमाचंही नाही. पण सांगा.”

मी वाकून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. जगूअण्णांनी कपाळावर हात धरून आमच्याकडं बघितलं. “कोण, तात्या का? कुठं निघाला?”

तात्यांनी एक पाय उचलला. दाराची कड धरली. त्यांचे ओठ हलले, आणि मला खरंच वाटलं, आता येतंय.

“साताऱ्याला,” ते म्हणाले. “छातीत दुखतंय जरा.”

मग दाराची कड सोडून माझ्याकडं तोंड केलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “हणम्याची पोरगी लग्नाला आलीय गं. आता कशाला?”

मी दार ओढून घेतलं. घाटाची वळणं सुरू झाली. ते एक वळण आलं आणि गेलं, कठड्याचा तो भाग नंतर बांधलाय, रंग वेगळा दिसतो. त्यांना ते कळलं नाही आणि मी सांगितलंही नाही. बरंच खाली उतरल्यावर त्यांचा हात पुन्हा चाचपत माझ्या पायाशी आला.

“मॅट नसलं की पत्रा गंजतो, छबे,” ते म्हणाले. “पाणी मुरतं. गाडी खराब होती.”

“गंजू दे, तात्या,” मी म्हटलं, आणि पुढच्या वळणासाठी गिअर बदलला.